सिस्टर गोड बोलायला लागल्या तेव्हा

आमच्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायला बसलं की चहा थंड होतो, गोष्टी संपत नाहीत. अलिबागजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. इथे कोणाचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यात मुंबईहून एक मॅडम आल्या, नर्सिंगचं तत्त्वज्ञान शिकवायला!

मॅडम म्हणाल्या, "पेशंट म्हणजे केस नव्हे, माणूस. त्याला वेळ द्या, निवड द्या, त्याच्याशी खरं बोला."

आमच्या हेड नर्स नलूताई माझ्या कानात पुटपुटल्या, "तत्त्वज्ञान पाठवलंय ना? म्हणजे स्टाफ काही पाठवत नाहीत!"

*

पहिला प्रयोग माझ्या जोडीच्या नर्सने, रुक्सानाने केला. रेवसचे एक खलाशी काका हर्नियाच्या ऑपरेशननंतर छान बरे होत होते. ही स्टूल ओढून बसली, त्यांचा हात हातात घेतला. "काका, मनात काय चाललंय?"

काकांनी हात सोडवून घेतला. ती वळताच घरी फोन, "लवकर या. सिस्टर हात धरून बसली. माझं काय खरं न्हाय!"

दुपारी टेम्पो भरून माणसं आली. काकी तर दारातूनच रडत!

"अहो काकी, ते उद्या घरी जाणार आहेत!"

"व्हय गो, पन कंच्या घरी?"

*

मग माझी पाळी. किहीमच्या एका मावशींना विचारलं, "इंजेक्शन कोणत्या हाताला देऊ? तुम्ही ठरवा."

मावशींनी मला खालून वर न्याहाळलं. "नवीन हायस काय?"

"नाही हो, जुनीच आहे."

"मंग मला कशाला इचारतेस?" त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "जिला म्हाईत हाय तिला बोलाव!"

*

खरं बोलायचा धडा मात्र धर्माकाकांपाशी अडला. छातीच्या दुखण्याने खाटेला खिळलेले कोळी म्हातारे. बायको केव्हाच वारलेली, हे त्यांचा मुलगा सांगून गेला होता. तरी काका रोज विचारायचे, "बाय, माझी बायको कुठं हाय?"

आम्हाला वाटलं, विसरतात.

रुक्सानाने खरं सांगितलं. काका तोंड फिरवून पडून राहिले, जेवले नाहीत. मी म्हणायची, "मुलाला विचारा." नलूताई म्हणायच्या, "म्हावरं विकायला गेल्यात, येतील."

त्यावरून आमच्यात चांगलीच जुंपली.

"मला खोटं बोलायला जमत नाही," रुक्साना म्हणाली.

"आणि माणूस उपाशी ठेवायला जमतं?" नलूताई कडाडल्या.

एका सकाळी नलूताई काकांना पेज भरवत होत्या. आम्ही दोघी शेजारची खाट आवरत होतो. काकांचा तोच प्रश्न, ताईंचं तेच उत्तर.

काका शांतपणे म्हणाले, "ती मेली, बाय. मीच अग्नी दिला."

ताईंचा चमचा हातातच राहिला. "मग रोज आम्हाला का विचारता?"

"कुनावर इस्वास ठेवायचा, ते बघतो."

"मग? कोणावर ठेवलात?"

काकांनी डोळे बारीक करून आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"अजून ठरत न्हाय. उद्या पुन्हा इचारीन!"