दुसऱ्या अल्बमची धार

लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे ठिणग्या म्हणायचे, कारण ग्राइंडर कायम त्याच्याच हातात असायचा. वेल्डिंगचे सांधे घासून असे सपाट करायचे की वरून बोट फिरवलं तरी जोड कळू नये, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकाने कानात घालायचे बोळे आणून दिले होते, ते डबीतच पडून राहिले. "पातं कसं चाललंय ते कानाने कळतं," ठिणग्या म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

बँडमध्येही त्याला हेच नाव होतं. बँड तिघांचा. ठिणग्या गिटार वाजवायचा, सगळ्या चालीही त्याच्याच. ड्रमवर ढोल्या, अंगानेही नावाला जागणारा, घरचा गाद्यांचा धंदा. आणि गायला मास्तर. मास्तर आठवडाभर बालवाडीतल्या पोरांना फुलपाखरांची गाणी शिकवायचा आणि रविवारी सकाळी पोटाच्या तळातून असा आवाज काढायचा, की नवख्याला वाटावं, याला उचलून आधी दवाखान्यात न्या. हे वाजवतात ते मेलोडिक डेथ मेटल म्हणजे काय, असं शेजारणीने एकदा विचारलं तेव्हा ठिणग्याच्या बायकोने सांगून टाकलं, "खालून भूकंप, वरून अंगाई."

तिघे ढोल्याच्या गोदामात वाजवायचे. चारही बाजूंना छतापर्यंत गाद्या रचलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर जायचा नाही. पहिला अल्बम इथेच बसवला आणि गावातल्या एका जुन्या स्टुडिओत रेकॉर्ड केला. स्टुडिओवाले काका उतारवयाचे होते. त्यांनी या जातीचं संगीत आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण त्यांनी सगळे आवाज नीट मांडून दिले. अल्बम लोकांना आवडला. लोक म्हणजे तरी किती, या संगीताचे वेडे असतातच मूठभर, पण कुठून कुठून पत्रं आली. गिटारच्या दोन सुरांची ती रडवेली चाल डोक्यातून जात नाही, असं बहुतेकांनी लिहिलं.

नाराज होता तो एकटा ठिणग्या.

"माझी गिटारं रजईखाली घातलीत तुम्ही," तो काकांना म्हणाला होता.

"अरे, आहेत की वर. चांगली चमकतायत."

"तुम्हाला ऐकू येत नसेल. वय झालं तुमचं."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. दुसऱ्या अल्बमला कुणा परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हे ठिणग्याने त्याच दिवशी ठरवलं.

दुसऱ्या अल्बमला सात वर्षं लागली. मध्ये ढोल्याचे वडील गेले, मास्तरला जुळ्या मुली झाल्या, ठिणग्याची मुलगी शाळेत जायला लागली. पण रविवार कुणी चुकवला नाही. नऊ गाणी झाली. शेवटच्या गाण्यात गिटारच्या दोन चाली आधी एकमेकींपासून लांब जात, मग वळून एकत्र येत. ती जागा त्याला सुचली तेव्हा तो हातातला गज तसाच धरून उभा राहिला होता आणि मालकाला वाटलं, याला शॉक बसला.

रेकॉर्डिंग गोदामातच केलं. मग ठिणग्याने आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधल्या बोळकांडीत, टेबल टाकून कॉम्प्युटर मांडला. दोन वर्षं दर रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून तो सगळे आवाज एकमेकांत बसवत होता. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, गिटार अजून दबलेलंच आहे. मग तो धार, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, वाढवायचा. पुढच्या रविवारी पुन्हा थोडी.

"झांजा जरा टोचतायत का रे?" ढोल्याने एकदा बिचकत विचारलं.

"टोचू दे. गुदगुल्या करायला वाजवतो का आपण?"

ढोल्याने विषय सोडला. मास्तरने तर विचारलंही नाही.

घरात तेव्हा एक गंमत सुरू झाली होती. मुलगी सकाळी हाक मारायची, "बाबा, सात वाजले!" आणि ठिणग्या विचारायचा, "आत काय वाजलं?" मुलगी पोट धरून हसायची. मग ती मुद्दामच तसे शब्द शोधायला लागली. बायको मात्र हसत नव्हती. एका दुपारी शिट्टीची किटली आतलं पाणी आटेपर्यंत किंचाळत राहिली आणि हा उघड्या दारापलीकडे तीन हातांवर पाठमोरा बसलेला. हेडफोनही टेबलावर काढून ठेवलेले.

"तुला ऐकू नाही आलं?"

"लक्ष नव्हतं गं. डोक्यात अल्बम आहे."

अल्बम एका सोमवारी बाहेर पडला. इंटरनेटवर चढवल्यावर तिघांनी गोदामात चहा घेतला, आणि ढोल्याने दोघांना इतक्या जोरात मिठी मारली की मास्तरचा चष्मा वाकला.

गुरुवारी पहिलं परीक्षण आलं. पहिला अल्बम डोक्यावर घेणाऱ्या माणसानेच लिहिलं होतं: "चाली मागच्यापेक्षाही सुंदर असाव्यात. असाव्यात म्हणतो, कारण तिसऱ्या गाण्यापुढे मला जाववलं नाही. कानात सुई घालून फिरवल्यासारखं होतं." त्याखाली आणखी लोक जमले. कुणी म्हणालं, कुत्र्याने ऐकलं तर पळून जाईल. कुणी विचारलं, "हे बसवणाऱ्याला कान आहेत का?"

ठिणग्याने ते ढोल्याला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "यांना मेटल कळत नाही." ढोल्याने मान हलवली, पण नजर वर उचलली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने बायकोला विचारलं, "तू ऐकलास ना?"

"एक गाणं ऐकलं."

"एकच?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "खरं सांगू? दाढेत कळ जाते ऐकताना. मला वाटलं, तुमच्यात असंच असतं." मग म्हणाली, "शनिवारी माझ्याबरोबर चल. मी नंबर लावलाय."

कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग सगळं शांत झालं. मशीन बंद पडलंय असं समजून तो वाट बघत बसला. बराच वेळ गेला. काचेपलीकडे बघितलं तर बाई एकेक खटका फिरवत होत्या, आणि बाजूला उभी असलेली बायको तोंडावर हात धरून त्याच्याकडे बघत होती. तिला बाहेर स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं.

बाईंनी कागद दाखवला. रेघ सरळ चालत येऊन एकदम कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. "जाड आवाज तुम्हाला येतात. बारीक, तीक्ष्ण, ते जवळजवळ गेलेत."

"कधीपासून?"

"हे एका दिवसात होत नाही. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील."

ठिणग्याने मनात हिशोब लावला. पहिला अल्बम येऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे तेव्हाच. रजई काकांनी घातलीच नव्हती.

"परत येतं का?"

"गेलेलं नाही येत. उरलंय ते सांभाळा."

रविवारी त्याने गोदामात दोघांना कागद दाखवला. ढोल्याने तो दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघितला.

"मला टोचत होतं," मास्तर हळूच म्हणाला. "पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणतोस ते बरोबरच असणार, असं वाटायचं. माझ्या कानांपेक्षा तुझ्या कानांवर माझा जास्त भरवसा होता रे."

जाताना मास्तरने सांगितलं की दुसरा अल्बम झाला की थांबायचं, असं त्याने घरी केव्हाच कबूल केलं होतं. घसाही आता साथ देत नाही. माइकला गुंडाळायचं फडकं त्याने नीट घडी करून खिशात घातलं आणि तो गेला.

काकांच्या स्टुडिओचा जिना चढताना ठिणग्या दोनदा थांबला. काका आणखी म्हातारे झाले होते. त्याने त्या दिवसाची माफी मागितली. काका म्हणाले, "बस. गाणी आणलीस का?"

तीन आठवडे काका ती नऊ गाणी नव्याने बसवत होते. ठिणग्या बाजूच्या खुर्चीत असायचा. काका आवाज कमी-जास्त करायची एखादी पट्टी खाली ओढायचे आणि विचारायचे, "आता बरं वाटतं?" ठिणग्याला वाटायचं, कुणीतरी दार लोटून घेतलं आणि बँड पलीकडच्या खोलीत वाजतोय. पहिले दोन-तीन दिवस तो "थोडं वर घ्या" म्हणाला. मग म्हणायचं सोडलं.

शेवटचं गाणं आलं. दोन चाली लांब गेल्या आणि वळल्या. पुढे त्या एकत्र येताना वरची चाल त्याला लागेनाच. बोटं मांडीवर आपोआप ती जागा वाजवत होती, कानात मात्र नुसती घरघर. काका डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. "हे फार चांगलं केलंयस तू."

"हो?"

"तुला नाही वाटत?"

"वाटतं की," ठिणग्या म्हणाला.

नव्याने बसवलेला अल्बम जुन्याच्या जागी चढवला. पण या वेड्यांच्या जगातही रोज नवीन काही येतं, आणि टोचणारा अल्बम पुन्हा उघडून बघण्याची हौस कुणाला नव्हती. ढोल्याने त्या परीक्षण लिहिणाऱ्याला कळवलं. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, वेळ मिळाला की ऐकतो. वर्ष झालं, त्याला काही वेळ मिळाला नाही.

ठिणग्याला कानात घालायचं यंत्र मिळालं. बोलणं त्यातून समजतं. मुलीचे शब्द आता पुरे येतात आणि ती गंमत संपली. संगीत मात्र पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजतं, म्हणून गाणं लागलं की तो यंत्र काढून ठेवतो. मालकाने त्याला ग्राइंडरवरून काढून रंगकामाला लावलं. तिथे ब्रश असतो, आवाज नसतो. हाताखालचे लोक अजून ठिणग्याच म्हणतात.

परवा दुपारी बायकोने त्याचं टेबल आवरायला काढलं. "या कॉम्प्युटरचं काय करायचं?"

"मुलीला अभ्यासाला दे."

"आणि आतली गाणी?"

"राहू देत. जागा लागली तर पुसायला सांग."

त्याने एका बाजूने टेबल धरलं, तिने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी ते उचलून खिडकीपासून लांब, मुलीच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवलं.