चारशे डिग्रीवरचा एक तास

भूतबित, आत्माबित्मा... कुणी विषय काढला तरी उठून जाणाऱ्यातली मी. मेटलर्जी शिकलेय, ग्राफवर दिसेल तेवढंच खरं मानते. म्हणूनच हे लिहायला वर्ष गेलं.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं युनिट आहे. निकेल आणि ॲल्युमिनियमची पावडर मिलमध्ये तासन्‌तास एकत्र दळायची, दाबून गोळ्या करायच्या, भट्टीत तापवायच्या. सहाशेच्या पुढे गोळी आतून एकदम पेटते आणि तिसराच पदार्थ तयार होतो — कडक, उष्णतेला दाद न देणारा. पण आधी चारशेवर तासभर थांबायचं, नाहीतर आतली ओल गोळ्या फोडते.

भट्टी आमचे जुने कामगार आप्पा सांभाळायचे, अठरा वर्षं. चारशे झाले की होल्डचं बटण दाबून स्टुलावर बसायचे, तासाने पुन्हा दाबायचे. हे भट्टीच्या प्रोग्रॅममध्येच टाकू, असं मी कितीदा म्हटलं. त्यांचं एकच — "मशीनला काय कळतंय, ताई? गोळीच्या पोटातलं पाणी जाऊ दे, मग पेटू दे की."

जूनमध्ये आप्पा गेले. हार्ट अटॅक.

त्यानंतरचा पहिलाच लॉट, माल रखडल्यावर ग्राहकाने दिलेली शेवटची संधी. हा फुटला तर युनिटला कुलूप, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी बारा वाजता मी रोजचा प्रोग्रॅम लावला, शेड बंद करून मंगळवार पेठेत घरी आले, जेवून जरा आडवी झाले... आणि दोन वाजता ताडकन उठले. होल्ड! तो प्रोग्रॅममध्ये कधी नव्हताच. तो आप्पांच्या बोटात होता.

गाडी कशी हाणली ते मलाच माहीत. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याकडे. भट्टी एव्हाना सातशेवर हवी होती. आकडा होता पाचशे दहा. ग्राफवर एक ते दोन, चारशेवर सरळ रेघ.

संध्याकाळी बाराच्या बारा गोळ्या अखंड निघाल्या. मी तिथेच बसून रडले.

लाईट गेली असती तर रेघ खाली आली असती. कंट्रोलर दोनदा तपासून घेतला, दोष नाही. सर्व्हिसवाला म्हणाला, "मॅडम, कुणीतरी बटण दाबलंय. आणि तासाने पुन्हा दाबलंय."

युनिट मात्र चालू आहे. तो एक तास प्रोग्रॅममध्ये टाकायला दोन मिनिटं लागतात... मी अजून टाकलेला नाही. चारशे झाले की बटण दाबते आणि आप्पांच्या स्टुलावर बसते.