अण्णांच्या ओठाचं माप

सोलापुरात लग्नाच्या वराती वाजवणाऱ्या सोमलिंगच्या बँडात शिवशरण अण्णा तीस वर्षं पहिल्या रांगेत क्लॅरिनेट वाजवत आले. पत्ती पारखण्याचा मानही त्यांचाच. वाद्याच्या तोंडाशी बसवायची ती बोरूची पातळ पत्ती किती कडक, हे अण्णा खालच्या ओठावर दाबून सांगत. डब्यावर काहीही छापलेलं असो, अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीन नंबरची कडक पत्ती फुंकेल त्यानंच पुढे उभं राहायचं, हा नियमही त्यांनीच घातलेला.

यंदा त्यांनी नवा डबा अख्खाच नापास केला. "समद्या साडेतीनच्या वर हायत. दे परत."

बाकीचे मात्र त्याच पत्त्या सहज वाजवत होते आणि नवी पेठेतला दुकानदार डबा परत घेईना. दिवसाला दोन-दोन वराती, वर हे ऊन. अण्णांना वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. शेवटी सोमलिंगनं मोजायचं यंत्र मागवलं. पत्ती चिमट्यात धरायची, टोकावर वजन सोडायचं, ती किती वाकली त्यावरून काटा नंबर दाखवतो.

नवी पत्ती लावली. अडीच. दुसरी लावली. अडीच.

"काटाच खोटा हाय," अण्णा म्हणाले. "माझी तीनची लाव, मंग कळंल." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, अण्णांनी ती आपल्याच हातानं उघडली.

काटा दीडवर थांबला.

अण्णांनी पत्ती दाराच्या उजेडात धरली. टोकापाशी पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे होते. त्यांच्या पत्त्या धुऊनपुसून ठेवायचं काम शेजारी वाजवणाऱ्या मल्लप्पाचं. तो खाली बघत होता.

"दोन वर्षं झाली, अण्णा," तो म्हणाला. "तुमचा दम पुरंना झाल्ता. तुमी पुढंच ऱ्हावं म्हणून घासून मऊ करून देत होतो."

म्हणजे ज्या पत्तीशी ताडून अण्णा सगळ्यांचं माप काढत होते, तीच मऊ. त्यांना राग आला नाही. दोन वर्षांचा शीण तेवढा एकदम अंगावर आला, आणि ते बाकड्यावर बसून राहिले.

संध्याकाळच्या वरातीला ते न सांगता मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मल्लप्पा धावत आला. अण्णांनी त्याला खांद्याला धरून पुढं वळवलं.

"पुढं हो," ते म्हणाले. "आन् उद्याची पत्ती जरा जास्त घास. ही बी जड जाते."