रशीद सर आणि अध्यक्षांची काच

व्यासपीठावरचा वक्ता मनापासून बोलत नाही असं वाटलं, की पहिल्या रांगेतले रशीद सर चष्मा काढून खिशात ठेवत. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्या चष्म्याची प्राचार्यांपेक्षा जास्त धास्ती होती. सर इतिहास शिकवत, वक्तृत्वाची मुलं तयार करत आणि रागावले की कुणाचाही मुलाहिजा ठेवत नसत.

मी मराठी शिकवते, कार्यक्रमांचं निवेदनही माझ्याकडेच. मला ते सारखे बजावत, "ताई, जिथं चुकलं तर दुसऱ्याचं नुकसान हाय, ते वाचून बोला. जिथं चुकलं तर आपलंच हसं हाय, ते तोंडानं बोला."

संस्थेच्या अध्यक्षांचं सगळं याच्या उलट. हातात कागद न घेता तासभर बोलतो, ही त्यांची मिजास. पालक मेळाव्यात टाळ्यांच्या भरात त्यांनी प्रवेशाची शेवटची तारीख चुकीची सांगितली. मुदखेडचा एक बाप त्या तारखेवर विसंबून राहिला. तो अर्ज घेऊन आला तेव्हा मुदत संपली होती. मुलीचं वर्ष गेलं. अध्यक्ष स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, "बोलण्याच्या ओघात होतं असं."

सर ताडकन उठले. "तुमचा ओघ झाला साहेब, अन् त्या पोरीचं साल गेलं! तारीख काय पाठ करायची चीज हाय?"

भांडून भांडून त्यांनी टेलिप्रॉम्प्टर आणायला लावला. वक्त्यासमोर काच उभी करायची, तिच्यावर अक्षरं सरकतात, ती फक्त त्यालाच दिसतात. अध्यक्षांना त्या काचेचं असं वेड लागलं की साध्या शुभेच्छाही ते तिच्यावरूनच देऊ लागले. आमचे शिपाई गणपतमामा वारले, तेव्हा शोकसभेत त्यांनी दुःखसुद्धा काचेवरून वाचलं. मध्येच अक्षरं अडकली, तसं दुःखही अडकलं. अध्यक्ष काच चालवणाऱ्या ऑपरेटरकडे बघत उभे. समोर मामांची बायको बसलेली. ज्या माणसानं जन्मभर यांच्यासाठी दार उघडलं, त्याच्याबद्दल दोन शब्द स्वतःचे नसावेत? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. सरांचा चष्मा केव्हाच खिशात गेला होता. बाहेर आल्यावर ते अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, काच मी तारखांसाठी मागितली होती. आसवांसाठी न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या शोकसभेला मी बोलायला उभी राहिले, तर समोर तीच काच! ऑफिसनं मजकूर तयार ठेवला होता. मामांच्या वेळचाच, फक्त नाव बदललेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ही आधी उचला इथून," मी म्हणाले.

अध्यक्ष शेजारून कुजबुजले, "मॅडम, अडखळलात तर? बाहेरचे पाहुणे आहेत."

"अडखळीन."

आणि अडखळलेच. मनात योजलेलं सगळं विसरले, आवाज फाटला, आणि "आमचे सर... आमचे सर..." एवढंच म्हणून खाली उतरले. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

हसं झालं माझं. होऊ दे. कुणाचं साल तर गेलं नाही.