राणीच्या जागेतली खाट

आष्ट्याहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात जेवायला बसलो होतो. "सायेब, दस्तगीरचाचा गेलं. दम लय लागला हुता," त्यांच्या शेजाऱ्यानं एवढंच सांगितलं. ताट तसंच राहिलं. त्याला तीन आठवडे झाले, पण तो 'दम' काही माझी पाठ सोडत नाही.

मी आष्ट्याला गुरांचा डॉक्टर म्हणून गेलो तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. चाचा टांगेवाले, आणि त्यांची घोडी राणी जत्रेच्या शर्यतीत पळायची. एका जत्रेत ती पहिली आली आणि थांबताच नाकातून रक्ताची धार लागली. लोक म्हणाले, उष्णता. कुणी कांदा आणला, कुणी ताक. मीही मोठ्या रुबाबात नाकातली शीर फुटल्याचं निदान केलं आणि मान वर बांधायला सांगितली. चाचांनी दोर सोडून टाकला. "आवं सायेब, दोनी नाकपुड्यातनं येतंय. आतलं हाय हे. मान खाली असू द्या, न्हाईतर घुसमटंल ती." चारचौघांत मला राग आला होता, हे कबूल करतो.

घरी पुस्तकं चाळली, तर रक्त फुप्फुसातलंच. जीव तोडून पळताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबानं फुटतात, आणि श्वासनळ्या धुळीनं सुजलेल्या असतील तर आणखीच वाईट. दुसऱ्या दिवशी राणीच्या जागेत गेलो आणि मलाच ठसका लागला. घराला लागून बुटकी खोली, माळ्यावरच्या कडब्याची बुरशी नि धूळ सारखी खाली गळत होती. तिला थंडी बाधू नये म्हणून चाचांनी एकुलत्या झरोक्यात पोतं कोंबलं होतं. मायेनंच तिचा श्वास कोंडला होता.

"हवा मोकळी पाहिजे, ते पोतं काढा. आणि शर्यत बंद," मी म्हणालो. चाचा कितीतरी वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले... मग म्हणाले, "बंद." त्याच दिवशी राणी हवेशीर पडवीत आली आणि पडवीतली चाचांची खाट राणीच्या जागेत गेली. कडबा मात्र तिथंच माळ्यावर राहिला, त्याला दुसरी जागा नव्हती.

"चाचा, अदलाबदल झाली की!" मी हसलो.

"तिला बोलता येत न्हाई, सायेब. मला तरास झाला तर मी सांगंन की."

राणीच्या नाकातून पुन्हा रक्त आलं नाही, ती कधी खोकलीही नाही. चाचा रोज सकाळी कडबा झटकायचे, भिजवायचे, मगच तिच्यापुढं टाकायचे. झटकलेली धूळ त्यांच्याच तोंडावर यायची. साताऱ्याला बदली होईपर्यंत दर खेपेला मी राणीच्या छातीला नळी लावायचो आणि ते शेजारी उभे राहून खोकायचे. "बिडीचा हाय," म्हणायचे. मी मान डोलवायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सांगंन म्हणणारा माणूस खोकून सांगतच होता, आणि मला ते ऐकूच आलं नाही. याची लाज वाटते.

परवा चाचींना भेटायला गेलो. पंचविशीला टेकलेली म्हातारी राणी पडवीत ओला कडबा खात होती. आतल्या खोलीत ती खाट, आणि झरोक्यात तेच पोतं.

"हे काढलं नाही कधी?"

"ते म्हनायचं, सायबांनी राणीसाटी काढाय सांगितलं हुतं. आता राणी कुटं हाय हितं!"

मी पोतं ओढून काढलं.

"कडबा आता कोण झटकतं, चाची?"

"मीच की," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून खोकू लागल्या.

मी खाटेवर बसणार होतो, तो तसाच उभा राहिलो. म्हणालो, "चाची, चप्पल घाला. सांगलीला छातीच्या डॉक्टरकडं जायचंय. आत्ताच."