एमोसीच्या सहा सळया

एमोसीला लिहिता-वाचता बेताचंच येई, पण पाण्याखाली मासे मोजून पाटीवर लिहिण्यात नासेरेवू या बेटावरच्या गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दर जुलैला परदेशातून दहा-बारा विद्यार्थी प्रवाळाचा अभ्यास करायला गावात येऊन राहत. त्यांची होडी एमोसी हाके. समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या सहा लोखंडी सळया तोच दाखवी. सळईपासून सळईपर्यंत मोजपट्टी ताणायची, तिच्याखाली जिवंत पोवळं किती, मेलेलं किती, भोवती मासे किती, ते लिहायचं. जागा दर वर्षी तीच. मुलं त्याला मामा म्हणत.

नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात खडक पार मोडला. गावच्या तुरागाने, म्हणजे प्रमुखाने, तिथली मासेमारी बंद केली आणि झावळ्या बांधलेला खांब पाण्यात रोवला. खांब रोवला की त्या पाण्यात कोणी पायही घालत नाही. मोकळीक फक्त अभ्यासाला आलेल्या पाहुण्यांना, आणि त्यांना नेणारा म्हणून एमोसीला.

त्या वर्षी पाहुणे यायच्या आधी तो एकटाच बुडी मारून सळया शोधायला गेला. त्या वाकून पडल्या होत्या, आणि सभोवती हाडांसारखा पांढरा चुरा. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या लेकरांपुढे हे वाढायचं? पाहुण्यापुढे रिकामं पान मांडणं त्याच्या घरात कधी झालं नव्हतं. भूशिराच्या आडोशाला चर्चच्या अंगणाएवढा एक तुकडा जिवंत राहिला होता. त्याने सळया सरळ करून तिथे ठोकल्या. जुन्या जागेची नोंदवही शाळेच्या छपराबरोबर उडून गेली होती आणि पाहुणे दर वर्षी नवे, त्यामुळे कोणी विचारलं नाही. एका वर्षापुरतंच, असं त्याने ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी तुकडा आणखी बहरला. वादळानंतर मुलांना शिकवायला येऊ लागलेल्या योहाना बाईंनी गावच्या सभाघरात एक तक्ता टांगला. त्यावरची माशांच्या संख्येची रेघ वर्षागणिक वर चढत गेली. म्हातारी माणसं येता-जाता ती बोटाने दाखवत.

यंदा एप्रिलमध्ये तुरागा वारले. शंभराव्या दिवशी मोठं जेवण असतं आणि त्यासाठी बंद पाणी उघडतात. सभेत एमोसीचा मामेभाऊ विलिकेसा उठला. तिकडे मामेभावाला मेव्हणाच म्हणतात, आणि मेव्हण्याने मेव्हण्याची टर उडवायची हा रिवाजच.

"आमच्या मेव्हण्याने मासे मोजून मोजून लठ्ठ केलेत. त्यांची नावंसुद्धा ठेवली असतील. आता आम्हाला खाऊ तरी दे."

सगळे हसले. नव्या तुरागाने, वारलेल्यांच्या मुलाने, तक्त्याकडे पाहिलं. "एमोसी, रेघ खरी आहे ना?"

"मोजलं तेवढं खरं आहे, तुरागा."

घरी त्याने ताटाला हात लावला नाही. लितिया, त्याची बायको, बराच वेळ बघत होती.

"आता काय मोजताय?"

त्याने सगळं सांगितलं. एवढ्या खडकात तेवढाच तुकडा जिवंत आहे. पुढे काही उगवलं तर तिथूनच पसरेल. साऱ्या गावाची जाळी पडली तर एका दिवसात तोही जाईल.

"नऊ वर्षं माझ्याशेजारी झोपलात आणि बोलला नाहीत," ती म्हणाली. मग माफी मागताना पुढे ठेवतात ते यंगोनाच्या झाडाचं मोठं मूळ फळीवरून काढून तिने त्याच्यापुढे ठेवलं. "उठा. जाळी विणून झालीत लोकांची."

सकाळी तो तुरागाच्या उंबऱ्याशी मूळ पुढे ठेवून, मान खाली घालून बसला आणि बोलला. विलिकेसा आतच होता. तुरागाने पुढे वाकून मुळाला हात लावला. हात लागला की अपराध पुरला. तो पुन्हा कोणी काढायचा नाही.

दुसरं मूळ घेऊन तो योहाना बाईंकडे गेला; त्या यंदाच्या मुलांना घेऊन नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी गावाच्या रीतीने ते दोन्ही हातांनी घेतलं. "माफ केलं, एमोसी." मग त्या सभाघरात गेल्या आणि तक्ता उतरवून त्याची गुंडाळी केली. पायरीवर इंग्रिड नावाची विद्यार्थिनी बसली होती. दोन वर्षांचा तिचा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता.

"मामा, एकही वर्ष खरं नाही?"

"मासे खरे होते, पोरी. जागा खोटी होती."

ती उठून आत गेली. चार दिवसांनी सगळे निघाले. एरवी होडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणारी मुलं या वेळी सामान बघत बसली होती.

पाणी उघडलं नाही. जुन्या तुरागाच्या शंभराव्या दिवशी गावाने डब्यातले मासे वाढले. मोठमोठ्या पातेल्यांत डबे उपडे करताना बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. पंगतीत विलिकेसा वाढत होता. एमोसी त्याच्या टोमण्याची वाट बघत राहिला. डब्यावरून, मोजण्यावरून, कशावरून तरी. शेवटी तोच म्हणाला, "मेव्हण्या, मोजून वाढ हं."

विलिकेसाने त्याच्या पानात मासा ठेवला. "घ्या, एमोसी," तो म्हणाला आणि पुढे सरकला. साऱ्या जन्मात त्याने एमोसीला अहो-जाहो केलं नव्हतं.

त्या आठवड्यात एमोसीने सहाही सळया उपटल्या आणि चुऱ्यात, जुन्या जागी नेऊन ठोकल्या. पुढल्या जुलैला कोणी आलं नाही. तो एकटाच गेला, सळयांना दोरी बांधली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहला. पाटीवर लिहायला फार काही नव्हतं. जेवढं होतं तेवढं त्याने लिहिलं.