लूमवाल्यांचे कान आणि सुनीताची पीएचडी

संशोधनाचा पेपर छापून आला की त्याची फाईल होते, फाईल कपाटात जाते आणि यथावकाश कपाटाची किल्ली हरवते. पण तो पेपर होताना जे काही घडलेलं असतं ते कुठल्याच कपाटात मावत नाही. ते चहाबरोबर बाहेर निघतं. आमच्याकडे दर शनिवारी निघतं!

आमच्याकडे म्हणजे भिवंडीच्या आमच्या कॉलेजातल्या रिसर्च सेंटरमध्ये. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात जिमखान्यामागची एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि आम्ही. शेख मॅडम फिजिक्सच्या, सेंटरच्या प्रमुख. मी स्टॅटिस्टिक्सवाला, म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांत चुका काढायच्या आणि सगळ्यांची बोलणी खायची हे माझं काम. आणि सुनीता, मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी, राहणारी अंजूरची. तिचा विषय होता, पॉवरलूमच्या आवाजानं कामगारांच्या कानांचं काय होतं.

हा विषय तिला कोणी सुचवला नव्हता. तिचे वडील, हिरामण काका, पस्तीस वर्षं भिवंडीत लूम चालवत होते. घरी त्यांना हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागायचा.

सकाळी मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुनीताची पार्सल स्कॅनिंगची ड्युटी असायची, तीननंतर रिसर्च. साहजिकच काम लांबत गेलं. विद्यापीठानं मुदतवाढ दिली आणि ती देताना बजावलं, ही शेवटची. ती चुकली असती तर रजिस्ट्रेशन रद्द आणि इतकी वर्षं पाण्यात. हे डोक्यावर टांगलेलं असताना पुढचं सगळं घडलंय, एवढं लक्षात ठेवा.

*

सुरुवातीला आम्ही तिघं एका परिषदेला गेलो होतो. जेवताना एक सद्गृहस्थ भेटले. गळ्यात बिल्ला, हातात गुलाबजामची वाटी.

"कुठून आलात?"

"भिवंडीहून."

"अरे वा! भिवंडीत कापड असतं, गोडाऊन असतात. रिसर्चपण होतो का?"

माझं डोकंच फिरलं. मी वाटी खाली ठेवायला लागलो. (माझी. त्यांची ठेवली असती तर बरं झालं असतं.) तेवढ्यात शेख मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या शर्टाचं कापड आमच्याकडे विणलेलं असणार. तुम्ही ऑनलाइन मागवता ती पुस्तकं आमच्या गोडाऊनमधून येतात. आता संदर्भपण आमच्याकडूनच घ्यायची सवय करा!"

त्यानंतर ते गृहस्थ दोन दिवस आम्हाला लांबूनच नमस्कार करत होते.

*

कान तपासायचे तर शांत खोली लागते. साधी गोष्ट. पण भिवंडीत?

सुनीता आवाज मोजायचं मीटर घेऊन पंधरा दिवस गावभर फिरली. कॉलेजची लायब्ररी? मागच्या भिंतीला लूम. एका डॉक्टरांचा दवाखाना? वरच्या मजल्यावर लूम. आमचं सेंटर? पंखा! पंखा बंद केला तर जिमखान्यात कॅरम.

शेवटी गावाबाहेर पूर्ण्याला सापडली जागा. गाद्यांचं गोडाऊन! जमिनीपासून छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या, मधे चिंचोळी वाट. मीटरचा आकडा इतका खाली गेला की मला वाटलं सेल संपले. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, रविवारी या. गेटवरच्या वॉचमननं मात्र नियमाप्रमाणे एंट्री केली. 'आवक माल' या रकान्यात लिहिलं, 'मशीन १, मॅडम २, सर १.'

पहिला कामगार आला. स्टुलावर बसला, सुनीतानं हेडफोन लावले, सांगितलं, "आवाज आला की बोट वर करा." बोट वर होईना. तिनं आवाज वाढवला. तरी नाही. तिचा चेहरा उतरला. वाकून बघते तर गडी शेजारच्या गादीला टेकून गाढ झोपलेला! रात्रपाळी करून आला होता आणि इतकी शांतता कित्येक वर्षांत त्याच्या वाट्याला आली नव्हती.

तिनं त्याला उठवलं नाही. पाऊण तास आम्ही तिघं मोठी माणसं गाद्यांमधे गप्प उभे होतो. संध्याकाळी मॅडमनी नोंदवही तपासली. 'चाचणीला उशीर' आणि पुढे 'कारण' या रकान्यात सुनीतानं एकच शब्द लिहिला होता. शांतता.

मॅडमनी खाली सही केली.

*

मग फॉर्म. परदेशी नमुन्यावरून केलेली प्रश्नावली होती. त्यात एक प्रश्न, 'तुम्ही टीव्हीचा आवाज इतरांपेक्षा मोठा ठेवता का?'

एकूण एक पुरुषांचं उत्तर, नाही!

मी आकडे घातले आणि सुनीताला म्हटलं, "बाई गं, तुझा विषय संपला. भिवंडीतल्या सगळ्यांचे कान खणखणीत आहेत."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वस्तीत गेली. आधी फॉर्म भरलेल्या एकाला तोच प्रश्न विचारला, त्यानं तेच उत्तर दिलं. आणि आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "झूठ बोल रहे हैं! पूरी गली सुनती है हमारा टीवी!"

सुनीतानं तिथंच दुसरा फॉर्म तयार केला, घरच्या बाईसाठी वेगळा. सगळी उत्तरं उलटी आली. पुढे तो भाग परिषदेत मांडला तेव्हा एका मोठ्या प्राध्यापकांनी ही पद्धत कशी सुचली म्हणून कौतुकानं विचारलं, अगदी नावीन्यपूर्ण वगैरे.

शेख मॅडम मला हळूच म्हणाल्या, "नावीन्य कसलं त्यात! नवऱ्याचं खरं-खोटं बायकोलाच विचारायचं असतं, हे यांना आत्ता कळलं?"

*

लूममालकांपैकी एक अन्वरशेठ. सुनीता मीटर घेऊन दारात दिसली की ते शटर ओढायचे. त्यांना ती सरकारी इन्स्पेक्टर वाटायची. तीनदा गेली, तीनदा शटर.

चौथ्या वेळी ती म्हणाली, "शेठ, कामगारांचं राहू दे. आधी तुमचे कान तपासते. फुकट."

फुकट म्हटल्यावर शेठ रविवारी गाद्यांच्या गोडाऊनमध्ये हजर! तपासणी झाली. सुनीतानं कागदावरचा उतरत गेलेला आलेख त्यांच्यापुढे धरला आणि समजावून सांगितलं. शेठनी कागदाची घडी घातली. वडिलांच्या काळापासून त्याच कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग म्हणाले, "बेटा, ये किसी को दिखाना मत."

"नाही दाखवणार, शेठ."

"और वो कान में डालने का जो रबर का रहता है ना, वो किधर मिलता है? चालीस आदमी हैं मेरे. इकतालीस लिख."

तो कारखाना आजही बघायला या. शिफ्ट सुरू होताना दारात शेठ स्वतः उभे असतात आणि प्रत्येकाचे कान बघूनच आत सोडतात. आधी स्वतःचे दाखवतात!

*

संशोधनाचा एक नियम असतो, आपल्या नात्यातल्या माणसाची माहिती आपण घ्यायची नाही. हा नियम हिरामण काकांना कोण सांगणार?

पहिल्याच रविवारी ते धुतलेला शर्ट घालून रांगेत पुढे उभे. सुनीतानं खुणेनं 'नाही' म्हटलं. काका घरी गेले. दुसऱ्या रविवारी पुन्हा रांगेत. पुन्हा नाही. तिसऱ्या रविवारी ते भडकले.

"सगल्या भिवंडीचे कान तपासलेस! बापाचेच तेवडे न्हाय!"

"बाबा, नियम हाय तो."

"कोनी केला नियम? त्याला बाप न्हाय?"

रांगेतले सगळे हसले, पण सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, तोच रांगेतून परत चालला होता. शेवटी शेख मॅडमनी मशीन आपल्याकडे घेतलं, काकांना बसवलं आणि स्वतः तपासलं. निकाल वाईट होता, तो अपेक्षितच होता. मॅडमनी सांगितलं, "काका, हा कागद प्रबंधात जाणार नाही. तुमच्यासाठी आहे."

काकांनी त्याची लॅमिनेट कॉपी काढली! अंजूरला जाणाऱ्या रिक्षात शेजारी कोण बसेल त्याला दाखवायचे, "वाचता येत न्हाय ना? माज्या लेकीला येतंय."

*

एका परदेशी जर्नलनं पेपर परत पाठवला. परीक्षकाचा शेरा असा की आवाजाची इतकी मोठी मोजमापं विश्वास ठेवण्यासारखी नाहीत, मीटर बिघडलेलं असावं.

मी खवळलो. दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात 'महाशय, आपण खुर्चीतून उठून इकडे यावे' हे सगळ्यात सौम्य वाक्य होतं. सुनीतानं ते वाचलं, "सर, छान लिहिलंय," म्हणाली आणि डिलीट केलं. मग ती अन्वरशेठकडे गेली, चालू लूमशेजारी मीटर ठेवलं, मीटरचा आकडा आणि लूम दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढला आणि एका ओळीच्या पत्राबरोबर पाठवून दिला.

उत्तर आलं. परीक्षक लिहितो, 'माझी शंका मागे घेतो. व्हिडिओ लावल्यावर माझा कुत्रा घर सोडून बागेत गेला. पेपर स्वीकारावा.'

आमच्या सेंटरच्या भिंतीवर ते पत्र फ्रेम करून लावलंय. पाहुणे आले की मी आधी तिथंच नेतो.

*

प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस. खिडकी पाच वाजता बंद होणार आणि त्यानंतर काहीही केलं तरी उपयोग नव्हता. बायंडिंग झालेल्या प्रती आदल्या दिवशी सुनीताच्या हातात आल्या. शेवटच्या दिवशी सकाळी ती त्या घेऊन ड्युटीवर गेली आणि तिथंच घोटाळा झाला. तिच्या गोडाऊनमधल्या पोरींनी हौसेनं सांगितलं, "ताई, पॅकिंग आम्ही करणार!"

केलं की! आधी बबल रॅप, मग पुठ्ठा, मग टेप, मग आणखी टेप, वर 'नाजूक वस्तू'चे स्टिकर आणि 'ही बाजू वर' असे चारही बाजूंना बाण.

साडेचारला आम्ही खिडकीपाशी. क्लार्कनं खोका उचलून बघितला, चारही बाजूंचे बाण वाचले आणि विचारलं, "मॅडम, थीसिस आहे की फ्रीज?"

कात्री चालेना. ब्लेड आणलं, तेही मोडलं. घड्याळात पावणेपाच. मी, सुनीता आणि शिपाई तिघं दातओठ खात टेप ओढतोय. पाचला पाच मिनिटं असताना पहिली प्रत बाहेर आली. क्लार्कनं तिच्यावरून हात फिरवला आणि शिक्का मारता मारता म्हणाला, "कोपरापण दुमडला नाही हो! आमच्याकडे पोस्टानं येतात त्या बघा जरा."

सुनीतानं त्या पोरींची नावं प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आधीच घातलेली होती. सगळ्यांची, आडनावांसकट.

*

आणि मग व्हायवा.

विद्यापीठाच्या त्या हॉलला व्हरांड्याच्या बाजूनं पूर्ण काच आहे. बाहेरचे परीक्षक नागपूरहून आलेले, मितभाषी, भुवया कायम वर. अध्यक्ष एक बाई आणि गाईड म्हणून शेख मॅडम. सुनीता चांगली बोलली, पण नागपूरच्या सरांनी शेवटी एक प्रश्न असा टाकला की ती अडखळली. उत्तर दिलं, पण अर्धवट वाटलं. सरांनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मग नियमाप्रमाणे, मुद्दाम आलेल्या हिरामण काकांसकट, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. दार बंद. आत एसी, तिघांची चर्चा सुरू. बाहेर आम्हाला एक अक्षर ऐकू येईना.

सुनीता बाकावर बसली. "सर, गेलं," म्हणाली. "त्या प्रश्नात गेलं." मी उगाच धीर देत होतो.

हिरामण काका मात्र काचेला नाक लावून उभे! मला ते बरं दिसेना. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला, म्हटलं, "काका, असं बघू नका हो, बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "थांबा सर. नागपूरवाले बोलतायत."

"काय?"

माझं त्यांना ऐकू गेलं नसणार. तरी ते बोलतच होते. "म्हनतायत, 'शेवटच्या प्रश्नाला उत्तरच न्हाय कोनाकडं. मी मुद्दाम विचारला.'"

सुनीता उठून उभी राहिली.

"म्हनतायत, 'अशी पोर मला पन विद्यार्थी म्हनून मिलाली पायजे होती.'"

सुनीता त्यांच्यासमोर गेली. "बाबा, तुम्हाला कसं कलतंय?"

"पस्तीस वर्सं लूमवर ओठ वाचन्याबिगर दुसरं काय केलं गं?"

"आनि त्या बाई? त्या काय म्हनतायत?"

काकांनी मान हलवली. "त्यांचं इंग्रजी हाय. ते न्हाय येत मना. पन हसतायत." मग ते पुन्हा काचेकडे वळले. थोडा वेळ बघत राहिले आणि एकदम मागे सरले. शर्ट खोचला, तळव्यावर थुंकी लावून केस बसवले.

"काय झालं बाबा?"

"चल. तुला डॉक्टर म्हनून आत बोलावतायत. आनि तुजी शेख मॅडम म्हनतेय, हिच्या बापाला पन बोलवा."

दार अजून बंदच होतं.